मनातले गणित मोठ्याने

‘मुलाखत’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीचा हात धरून तो आपल्याकडे आला. त्याचा अर्थ साधा ‘भेट’ असा. दोन सरदारांची मुलाखत झाली म्हणजे ते भेटले, पानसुपारी झाली, चार गोष्टी बोलणे झाले. एकाने खुर्चीत रेलून प्रश्न टाकावेत आणि दुसऱ्याने घाम पुसत उत्तरे द्यावीत, हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले सौजन्याने हसतात आणि घड्याळाकडे पाहतात. पण सॉफ्टवेअरच्या पहिल्या नोकरीसाठी धडपडणारी काही मुले अलीकडे मी जवळून पाहिली, आणि हा मूळ अर्थ त्यांना कोणी वेळेवर सांगितला असता तर त्यांची निम्मी दमछाक वाचली असती, असे मला वाटू लागले आहे.

मराठी शिकवणाऱ्या माणसाचा या व्यवहाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध एवढाच, की माझी भाची सोलापुराहून इंजिनिअर होऊन गेल्या वर्षीच्या जूनमध्ये पुण्यास आमच्याकडे मुक्कामाला आली. कॉलेजात ज्या कंपन्या येऊन गेल्या त्यांत तिचे जमले नव्हते. मेहुण्यांचे झेरॉक्सचे लहानसे दुकान आहे. शिक्षणासाठी बँकेचे चार लाखांचे कर्ज काढलेले. अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभर बँक हप्त्यासाठी थांबते. मग दरमहा पाच-साडेपाच हजार मोजावे लागतात. ताईने फोनवर एकच वाक्य सांगितले, “दिवाळीपर्यंत काय ते बघ रे, नाहीतर हे तिला दुकानात बसवतील.” दुकानात बसणे वाईट असे नाही, पण चार वर्षे आणि चार लाख खर्चून बसण्याची ती जागा नव्हे.

कोरोनाच्या साथीनंतर २०२१-२२ साली सॉफ्टवेअर कंपन्यांनी मुलांची एवढी भरती केली, की शेजारचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणजे त्याला नोकरी लागलीच असे आपण सारेच धरून चालू लागलो. पुढे तो पूर ओसरला. दारे बंद झाली नाहीत, पण दरवान कडक झाले. प्रथम कंपनी टक्के पाहते : पुष्कळ ठिकाणी दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत साठ, आणि राहिलेला विषय एकही नको. मग ऑनलाइन चाचणी; तीत अंकगणित, तर्क, इंग्रजी आणि शेवटी एक-दोन प्रोग्रॅम लिहून दाखवायचे. दोन नळांनी टाकी भरण्याचे आणि एका भोकाने ती रिकामी होण्याचे जे गणित आमच्या वडिलांना शाळेत छळत होते, ते या युगातही तसेच गळते आहे. चाचणीतून पार पडलेल्यांची तांत्रिक मुलाखत होते, आणि सर्वांत शेवटी एच. आर. नावाच्या खात्याशी गोड बोलणे.

यातल्या तांत्रिक मुलाखतीचे स्वरूप मला नवीन होते. आमच्या वेळी विषयावर प्रश्न विचारीत; येत असेल तर सांगावे, नसेल तर ‘माहीत नाही सर’ म्हणावे. येथे उमेदवारापुढे एक कोडे ठेवतात आणि अर्धा-पाऊण तास त्याच्या समोर बसून तो ते कसे सोडवतो हे पाहत राहतात. पूर्वी ही कोडी निव्वळ चमत्कारिक असत : गटाराची झाकणे गोलच का असतात, असा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या नावाने प्रसिद्धच आहे. असल्या कूटप्रश्नांनी वेळेखेरीज काहीच साधत नाही, अशी कबुली गूगलच्या भरतीखात्याचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली उघडपणे दिली. गटारांची झाकणे सुटली. त्यांच्या जागी प्रोग्रॅमची कोडी राहिली. त्यांचा सराव करण्यासाठी लीटकोड नावाची संगणकी तालीमखाना आहे. तीत तीन हजारांहून अधिक कोडी आहेत. गूगलमध्ये काम केलेल्या गेल लाकमन मॅकडॉवेल या बाईंनी ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ हे पुस्तक २००८ साली काढले. आपल्याकडे जसे एकेका परीक्षेचे एकेक गाइड असते तसे ते या परीक्षेचे जगभरचे गाइड होऊन बसले आहे.

भाचीने यातले सारे केले होते. तिच्याजवळ एक जाडजूड वही होती, तीत तीनशेवीस कोडी क्रमांक घालून सोडवलेली. रात्री दीड वाजता आतल्या खोलीत दिवा दिसे. बायको म्हणे, “अहो, झोपायला सांगा तिला, डोळे जातील.” मी सांगे, दिवा मालवला जाई आणि पांघरुणात मोबाइल पेटे.

पहिली मुलाखत जुलैत झाली, आमच्याच घरी, लॅपटॉपवर. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. सुरुवातीचा नमस्कार ऐकू आला, प्रश्न विचारलेला ऐकू आला, आणि नंतर काहीच नाही. मी घड्याळ पाहिले : अकरा मिनिटे आतून फक्त बटणांचा आवाज. मध्ये एकदा समोरच्या गृहस्थांनी काहीतरी विचारले, तिने “यस सर” म्हटले आणि पुन्हा बटणे. दोन दिवसांनी नकार आला.

“प्रोग्रॅम चालला होता, मामा,” ती म्हणाली. “सगळी उदाहरणं बरोबर आली. तरी नाही घेतलं.”

तिचे म्हणणे खरे होते, आणि कंपनीचेही एका अर्थी खोटे नव्हते. त्या गृहस्थांनी अकरा मिनिटे एका मुलीचा खाली घातलेला चेहरा पाहिला आणि शेवटी पडद्यावर एक उत्तर उमटलेले पाहिले. ते तिने शोधले, की वहीतल्या दोनशेसतराव्या पानावरून तिला आठवले, हे त्यांना कसे कळावे? उद्या दहा माणसांत बसून काम करायचे. कोणाच्या प्रोग्रॅममधील चूक कोणी शोधायची. तेथे ही मुलगी काय बोलेल, अडली तर विचारील की गप्प बसेल, याचा त्यांना काहीच अंदाज आला नाही.

यात मुलीचा दोष कितीसा? आपल्या घरांत आणि शाळांत लहानपणापासून एकच शिकवण : उत्तर येत असेल तरच हात वर कर. चुकत-माकत, चाचपडत विचार करणे ही आपण खाजगी गोष्ट मानतो. ती न्हाणीघरात उरकून यावी आणि चारचौघांत तयार उत्तर घेऊन यावे. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले की मुले दोन ओळी पाठ म्हणून सुटका करून घेतात. माझ्या वर्गात कवितेचा अर्थ विचारला तर हुशार मुले गप्प बसतात. बोलतात ती गाइड वाचून आलेली.

आणि कोणी पाहत असताना विचार करणे खरोखरच अवघड असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकशास्त्राच्या अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांना एकच कोडे दिले. काहींनी ते परीक्षकासमोर फळ्यावर, बोलत बोलत सोडवायचे. बाकीच्यांनी बंद खोलीत एकट्याने, कोणालाही काही न सांगता. समोर कोणी बसलेले असताना मुलांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. त्यातल्या मुलींचे तर असे, की परीक्षकासमोर बसलेल्या सगळ्या अनुत्तीर्ण आणि एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या उत्तीर्ण! त्यांची संख्या थोडी होती, त्यामुळे यावरून मोठा सिद्धान्त काढू नये. पण भाचीला मी हे वाचून दाखवले तेव्हा ती कितीतरी वेळाने हसली. “म्हणजे मला येतं,” ती म्हणाली.

ही परीक्षा न्याय्य आहे का, हा वाद त्या व्यवसायातली माणसेच घालीत असतात, आणि माझे मत विचाराल तर ती फारशी न्याय्य नाही. परंतु सोलापूरच्या मुलीने ती बदलेपर्यंत थांबावे हे व्यवहार्य नव्हे. तेव्हा आम्ही ठरवले की रोज रात्री जेवणानंतर तिने एक कोडे मला समजावून द्यायचे. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. हीच माझी पात्रता. या लोकांत एक गमतीची रीत आहे, ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ सालच्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली : प्रोग्रॅम चालेनासा झाला की टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला एकेक ओळ मोठ्याने समजावून सांगायची. सांगता सांगता सांगणाऱ्यालाच चूक दिसते. आमच्या घरी ते बदक मी झालो. फरक एवढाच, की हे बदक मध्येच “म्हणजे काय?” असे विचारी.

पहिल्या रात्रीचे कोडे लीटकोडवरचे पहिलेच होते : संख्यांच्या यादीतून अशा दोन संख्या शोधा, की त्यांची बेरीज ठरावीक येईल. ती एकदम इंग्रजीत ‘हॅश मॅप’ म्हणाली आणि लिहू लागली. मी म्हटले, “थांब. मी तुळशीबागेत शंभर रुपये घेऊन गेलो. हजार वस्तू आहेत, प्रत्येकीवर किंमत आहे. नेमके शंभर होतील अशा दोन मला घ्यायच्या आहेत. काय करू?”

ती गप्प. मग हळूच म्हणाली, “प्रत्येक वस्तू बाकीच्या प्रत्येकीबरोबर लावून बघायची.”

“किती वेळा?”

तिने कागदावर गुणाकार केला : चार लाख नव्याण्णव हजार पाचशे जोड्या. तुळशीबाग बंद व्हायची वेळ होईल. आणि तेथून ती स्वतःच बोलू लागली : सदतीसची वस्तू हाती आली तर मला त्रेसष्टचीच हवी, मग सारी दुकाने पुन्हा हिंडण्यापेक्षा आतापर्यंत पाहिलेल्या किमती लिहून ठेवल्या तर? पण ती चिठ्ठीही वरपासून खालपर्यंत वाचत बसलो तर तेच झाले. म्हणून पोस्टात पत्रे लावायला खण असतात तसे खण करायचे. त्रेसष्टच्या खणात हात घातला की आहे-नाही लगेच कळते. एकच फेरी, हजार वस्तू, हजार वेळा खणात डोकावणे. हेच ते हॅश मॅप. पाच लाखांचे काम हजारावर आले, आणि का आले हे माझ्यासारख्या माणसाला कळले.

हे सारे ती मराठीत बोलली. दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत बोलायला लावले. तेव्हा इंग्रजी मोडकेच होते, पण अडखळण्याची जागा बदलली होती. आदल्या दिवशी विचार अडत होता, आज फक्त शब्द अडत होता. शब्द अडला तर समोरचा सांभाळून घेतो. आधी मराठीत विचार बांधावा, मग इंग्रजीत बोलावे, हे मी मराठीचा शिक्षक म्हणून पक्षपाताने सांगतो असे कोणी म्हणेल तर म्हणो.

पुढच्या आठवड्यात ‘बायनरी सर्च’ निघाले, तेव्हा मी कपाटातून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत नाही. मध्ये उघडतो, शब्द पुढे की मागे ते पाहतो, नको तो अर्धा भाग सोडून देतो, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. भाचीने हिशोब करून सांगितले, “मामा, जास्तीत जास्त सोळा वेळा. साठ हजारांत कुठलाही शब्द सोळा वेळांत!” सतरा वर्षे तो कोश वापरीत आलो, पण हे सोळाचे मला माहीत नव्हते. आणखी मौज अशी, की एवढी सोपी दिसणारी ही पद्धत बिनचूक लिहिणे भल्याभल्यांना जमत नाही. ती १९४६ साली प्रथम प्रसिद्ध झाली. जावा या भाषेच्या अधिकृत ग्रंथालयात तिचा जो प्रोग्रॅम होता, त्यात वर्षानुवर्षे एक चूक दडून बसली होती. यादी अब्जाच्या घरात गेली की दोन टोकांची बेरीज संगणकाच्या ठरलेल्या मापात मावत नसे. ज्या जोशुआ ब्लॉक यांनी तो प्रोग्रॅम लिहिला, त्यांनीच २००६ साली ते जाहीरपणे सांगितले. हे ऐकल्यापासून भाचीची चुकांची भीती बरीच उतरली.

एक गोष्ट तिला शिकवावी लागली, ती म्हणजे प्रश्न विचारणे. कोडे मुद्दाम अर्धवट सांगतात. यादी रिकामी असली तर? तीच संख्या दोनदा आली तर? जोडी सापडलीच नाही तर काय सांगू? हे उमेदवाराने विचारावे अशी अपेक्षा असते. आपल्या मुलांना हा उद्धटपणा वाटतो. वाण्याकडे गेल्यावर “तूरडाळ द्या” म्हटले तर तोही विचारतोच ना, किती, कुठली, म्हणून? मग सोपा, लांबचा मार्ग का होईना, आधी तो बोलून टाकावा. मग तो आखूड करावा. लिहून झाल्यावर एक लहान उदाहरण घेऊन ओळ न् ओळ हाताने चालवून पाहावी. पुष्कळ मुले लिहून झाले की पेन खाली ठेवतात, परीक्षेत घंटा झाल्यासारखे.

प्रकल्पाचीही एक कथा आहे. शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून काहीतरी करायचे असते. चौघांतला एक करतो, तिघे छापून बांधून घेतात. मेहुण्यांच्या दुकानातच दर एप्रिलमध्ये असे अहवाल सोनेरी अक्षरांत बांधले जातात, आणि त्यांत ग्रंथालय-व्यवस्थापन किती असतात हे ते डोळे मिटून सांगतील. मुलाखतीत मात्र विचारतात, “यात तू स्वतः काय केलंस?” भाचीने रोग्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पात माहितीच्या तक्त्यांची मांडणी केली होती, हे सांगायला तिला लाज वाटे, कारण दिसणारे पडदे दुसऱ्या मुलीने केले होते. मी म्हटले, पाया तू घातलास, रंग तिने दिला, हेच सांग.

आता कोणी म्हणेल, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, प्रोग्रॅम तेच लिहिते. मग ही कोडी कशाला? कंपन्यांनाही हा प्रश्न पडला आहे. पडद्याआडून यंत्राला विचारून उत्तरे देणारे महाभाग निघाले, तेव्हा काही कंपन्यांनी उमेदवारांना पुन्हा समोर बोलावून बसवायला सुरुवात केली. यंत्राने उत्तर देणे स्वस्त झाले तसे ‘हे असेच का?’ या प्रश्नाला भाव आला. भाचीला तर तिसऱ्या मुलाखतीत एक तयार प्रोग्रॅम देऊन त्यात काय चुकले आहे तेच विचारले होते.

दुसऱ्या मुलाखतीचे सांगायचे राहिले. तीत ती इतकी बोलली की वेळ संपला आणि प्रोग्रॅम अर्धाच राहिला. तोही नकारच. तिसरी सप्टेंबरअखेर हिंजवडीला, समोरासमोर. प्रश्न कंसांचा होता : एका ओळीत तऱ्हेतऱ्हेचे कंस उघडले-मिटले आहेत, ते सगळे नीट जुळतात का ते सांगा. जो शेवटी उघडला तो आधी मिटला पाहिजे. तिने ताटांच्या चळतीचे उदाहरण दिले : वरचे ताट आधी उचलायचे. निम्मे लिहून झाल्यावर ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “सर, ओळ संपली आणि चळतीत एखादं ताट उरलंच तर? ते मी पाहिलं नाही.” समोरचे गृहस्थ म्हणाले, “मग पाहा.” नंतर एच. आर. च्या बाईंनी रात्रपाळी चालेल का, चेन्नईला पाठवले तर जाशील का, हे विचारले. चालेल, जाईन. पुढच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याची फेरीही त्याच दिवशी झाली.

दसऱ्याच्या सुमारास पत्र आले. वर्षाला तीन लाख साठ हजार. कापाकापी होऊन हाती महिना पंचवीस-सव्वीस हजार. ताईने पेढे वाटायचे म्हटले, मी म्हटले जरा थांब. २०२२ साली निवड होऊन २०२४ पर्यंत रुजू होण्याची वाट पाहणारी मुले या महाराष्ट्रात होती. पत्रावर निवडीची तारीख असते, रुजू होण्याची नसते. भाचीलाही चार महिने थांबावे लागले. त्या काळात तिने वडिलांच्या दुकानाचा हिशोब लॅपटॉपवर चढवून दिला आणि उधारीची यादी पाहून मेहुणे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. फेब्रुवारीत ती रुजू झाली. जुलैत बँकेचा पहिला हप्ता तिच्या खात्यातून गेला.

सध्या शेजारच्या इमारतीतला एक मुलगा रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे येतो. चारशे कोडी सोडवलेली आहेत. परवा त्याला तुळशीबागेतला प्रश्न घातला तर तो पाच मिनिटे कागदाकडे पाहत राहिला. मी म्हटले, “मनात काय चाललंय ते सांग की.”

“काका, अजून बरोबर आलं नाही.”

“नसू दे. जे आलंय ते सांग.”

पोहे निवत होते. त्याने खुर्ची जरा पुढे ओढली आणि म्हणाला, “समजा, पहिली वस्तू घेतली...”